विमानाचा कडता

मला एक सांगा, तुम्ही भरवसा कुणावर ठेवता? पोटच्या पोरीवर, मोबाईलवर, की स्वतःच्या डोक्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं होतं, आणि नांदेडच्या विमानतळाबाहेर सिमेंटच्या कठड्यावर बसून त्याची फळं खाल्ली. (फळं म्हणजे खरीच. कस्तुराबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, डझनभर केळी बांधून घेतली होती.)

मी शेषेराव. मूळ मुरूडचा, सातवी पास. लातूरच्या मार्केट यार्डात माझं आडतीचं दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेतकरी माल आणतो, त्यात ओल असते, माती असते, पोत्याचं स्वतःचं वजन असतं. म्हणून काट्यावर जे वजन दिसतं, त्यातून थोडं कापायची जुनी चाल होती. त्याला कडता म्हणतात. आता ते कायद्यानं बंद आहे आणि मी मालाला कडता लावत नाही. (बाजार समितीच्या साहेबांनी हे वाचलं, तर आधीचं वाक्य कृपया दोनदा वाचावं.)

मालाचा कडता सुटला, पण हाताची सवय कुठं जाते? ती माणसांच्या बोलण्यावर गेली. कुणी म्हणालं, "लग्नाला हजार माणूस होतं," की मी सातशे धरतो. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस गोड बंद," की मी दहा दिवसांनी जिलेबीच्या दुकानासमोर उभा. चाळीस वर्षांत या पद्धतीनं मला कधी दगा दिला नाही. (कस्तुराबाईचं मत वेगळं आहे. तेही मी कडता कापूनच ऐकतो.)

तर आमची लेक विशाखा अमेरिकेत सिॲटलला असते. जावई सोमेश तिथं कंप्युटरचं काही करतो. नात शिवांगी, आमची शिवू, तिथंच जन्मली. साडेतीन वर्षांची झाली, पण मी तिला अजून हात लावलेला नव्हता. सगळी भेट व्हिडिओ कॉलवर. त्यातही मी फोन असा धरतो म्हणे, की तिकडं फक्त माझं कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसतो. विशाखा दर वेळी सांगायची, "अण्णा, फोन खाली धरा." मी खाली धरायचो. मग नुसता पंखा दिसायचा.

अशात विशाखाचा फोन आला. "अण्णा, आम्ही येतोय. गुरुवारी सकाळी अकराला नांदेडला उतरू. तुम्ही धावपळ करू नका, आम्ही गाडी करून येऊ."

मला आनंद झाला, आणि लगेच संशयही आला. कारण विहिणीचं, म्हणजे धुरपताबाईंचं, घर चाकूरला. व्याही अर्जुनराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर चाकूरच्या स्टँडवर बसून गाड्यांच्या वेळा लिहिल्या, आणि रिटायर झाल्यावरही रोज सकाळी तिथंच बाकावर जाऊन बसतात. आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. नांदेडहून लातूरला यायचं तर चाकूर वाटेत लागतं. म्हणजे पोरं गाडी करून निघाली, की नात आधी चाकूरला उतरणार, अर्जुनरावांच्या मांडीवर बसणार, आणि मग उरलीसुरली आमच्याकडं येणार. साडेतीन वर्षं मी कपाळ दाखवलं ते यासाठी?

मी ठरवलं, नात पहिल्यांदा माझ्या कडेवर येणार. आपण विमानतळावरच जायचं.

"मग गुरुवारी सकाळी निघू की," कस्तुराबाई म्हणाली.

"गुरुवार पोरीनं सांगितलाय."

"मग दुसरं कुणी सांगायचं? विमानात ती बसणार हाय, का तुमी?"

"अगं, तिनं अर्जुनरावांनाबी गुरुवारच सांगितलाय. दोन गिऱ्हाइकांना एकच भाव सांगितला, की समजायचं खरा भाव तिसराच हाय. धावपळ करू नका म्हणती, म्हंजे आपल्याला कळू न देता घरी यायचं चाललंय. बुधवारीच उतरतील, बघ."

मी आमच्या मुनीमाला, रामलिंगला, बोलावलं. रामलिंग मोबाईलमध्ये हुशार. त्यानं एक वेबसाईट काढली. जगातली कुठलीही दोन विमानतळं टाका, मधलं अंतर आणि उडायला लागणारा वेळ लगेच समोर येतो. त्यानं सिॲटल टाकलं, नांदेड टाकलं. क्षणात उत्तर आलं, अंतर बारा हजार साडेतीनशे किलोमीटर, वेळ साडेपंधरा तास.

मी गादीवरून उठून बसलो. नांदेडचं नाव सिॲटलच्या शेजारी लिहिलेलं बघून छाती भरून आली. "विशाखा तर म्हणली की सव्वा-दीड दिवस लागतो. आणि ह्यो म्हणतो साडेपंधरा तास. बघितलंस रामलिंग? निम्म्याला निम्मं ओल हाय."

"मालक, मधी विमान बदलावं लागत आसंल."

"हितं बदलायचं लिहिलंय का?"

"न्हाई लिहिलेलं."

"मग."

खाली नकाशाही होता. त्यावर सिॲटलपासून नांदेडपर्यंत एक रेघ होती. पण ती सरळ नव्हती. वर चढून, पार बर्फाच्या मुलखाला वळसा घालून खाली उतरत होती. ती बघितली आणि मला हसूच आलं. आमच्याकडं नवीन गिऱ्हाईक दिसलं, की ऑटोवाला बसस्टँडवरून हाकेवरच्या गंजगोलाईला पार औसा रोडनं फिरवून नेतो. तोच प्रकार. मी म्हटलं, "ह्यो वळसा बघ. सरळ आला तर आणखी तासभर वाचतो. कापून टाक."

रामलिंगनं कापून टाकला. (तो माझा पगारी माणूस आहे. त्यानं पृथ्वी गोल असते वगैरे काहीतरी सुरू केलं होतं, पण मी बघितल्यावर तो थांबला.)

तिकडून निघायची वेळ विशाखानंच सांगितली होती. आपल्याकडं तेव्हा मंगळवारची रात्र साडेदहा. तिथला दिवस आणि इथली रात्र हा फरक मला पाठ आहे, त्यात मी चुकत नाही. त्यात साडेचौदा तास मिळवले. बुधवारी दुपारी एक. गुरुवारचा कडता कापून स्वच्छ बुधवार निघाला.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. बोलेरो रामलिंग चालवत होता. मागं कस्तुराबाई, तिच्या मांडीवर ओवाळायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, पायाशी धपाट्यांचा डबा. माझ्या हातात झेंडूचा हार.

अडचण एकच होती. वाटेत चाकूर. मी रामलिंगला म्हटलं, "स्टँड आला की गाडी जोरात काढ." आणि खिडकीला टॉवेल लावला. कस्तुराबाईला म्हटलं, खाली वाक.

"मी का वाकू? मी काय चोरी केलीय?"

"इवाई बघतील."

"बघू द्या की. कस्तुराबाई नवऱ्याच्या डोक्यानं चाललीय, एवढंच दिसंल त्यास्नी."

बोलता बोलता स्टँड आला, स्पीडब्रेकर आला, आणि जोरात निघालेली बोलेरो बाकासमोर एकदम मुंगीच्या चालीनं पुढं सरकली. मी टॉवेलच्या फटीतून बघितलं. अर्जुनराव बाकावर बसून पेपर वाचत होते. मान वर झाली नाही. मी सुटकेचा श्वास टाकला.

नांदेडला विमानतळाच्या गेटवर एक गार्ड खुर्चीत बसला होता. बाकी सगळीकडं सामसूम. मी हार सावरत विचारलं, "सिॲटलचं विमान कधी लागतंय?"

"कुठलं?"

"सिॲटल. अमेरिका."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हाराकडं, मग कस्तुराबाईच्या तांब्याकडं. "काका, हितं अमेरिकेचं विमान येत न्हाई."

"तुमाला सांगितलं नसंल. वेबसाईटवर हाय. सिॲटल ते नांदेड, साडेपंधरा तास."

"वेबसाईटवर नांदेड ते चंद्रबी दाखवत्याल. तिथून कुणी आलं, तर त्याला मी आडवणार न्हाई. पण आत्ता एक हैदराबादचं येतंय, तेवढंच."

मी कस्तुराबाईला बाजूला घेऊन समजावलं, की गेटवरचा माणूस काय जाणणार. बाजार समितीच्या गेटवरच्या माणसाला तुरीचा भाव माहीत असतो का? तिनं एक केळ सोललं आणि मला दिलं. तिचं न बोलणं मी नेहमी कडता न कापता घेतो, कारण ते कापता येत नाही.

एकच्या सुमाराला विमान उतरलं. छोटंसंच. मी म्हटलं, "बघ, मोठं विमान वर ठेवून छोट्यानं खाली आणलं असंल." माणसं बाहेर यायला लागली. कस्तुराबाईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय हे मला माहीत होतं, पण किती वाढलाय ते तेव्हा कळलं. समोरून गॉगल घातलेली एक बाई, तिच्या मागं ट्रॉली ढकलणारा माणूस, आणि पुढं पळत येणारं चारेक वर्षांचं लेकरू. कस्तुराबाई "आली गं माझी शिवू" म्हणत धावली, लेकरावरून भाकरतुकडा उतरवला, पाणी ओवाळलं, तुकडा लांब भिरकावला आणि कानशिलावर बोटं मोडली. तिच्या मागून मी धावलो आणि ट्रॉलीवाल्या माणसाच्या गळ्यात हार घातला. हार घालताना तो पगडीत अडकला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सोमेश पगडी बांधत नाही.

ते हैदराबादचे सरदारजी होते. गुरुद्वाऱ्यात मत्था टेकायला बायको आणि मुलाला घेऊन आले होते. मी हात जोडून माफी मागणार, तेवढ्यात त्यांचेच डोळे भरून आले. दखनी बोलीत म्हणाले, "अम्मा, तुमारे नांदेड में आने वाले सबको ऐसाच करते क्या?"

कस्तुराबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "हौ. सबको."

इतक्यात रामलिंगचा फोन वाजला. विशाखाचा मेसेज. त्यानं तो मान खाली घालूनच मोठ्यानं वाचला, कारण त्याला माझ्याकडं बघायची हिंमत नव्हती. "दोह्याला पोहोचलो. इथून हैदराबाद, मग उद्या अकराला नांदेड. शिवू विचारतेय, कपाळ आबा काय करतायत? अण्णांना घरीच थांबायला सांगा, उगाच दगदग नको."

लोहा मला माहीत होतं, ते गाव नांदेडच्या अलीकडं. दोहा किती अलीकडं, हे रामलिंगनं नकाशावर दाखवलं. मी नकाशा बंद करायला सांगितला.

आता परत लातूरला जायचं, म्हणजे पुन्हा चाकूर. पुन्हा स्पीडब्रेकर. आणि उद्या सकाळी तिसऱ्यांदा. माणसाला काही इज्जत असते. मी म्हटलं, मुक्काम नांदेडलाच. सरदारजींना आमची अडचण कळली (कस्तुराबाईनं ती तोडक्यामोडक्या हिंदीत, पण एकही तपशील न वगळता सांगितली). त्यांनी आम्हाला सोबत नेलं, गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात खोली मिळवून दिली, आणि दोन्ही वेळ लंगरमध्ये शेजारी बसवून जेवू घातलं. धपाट्यांचा अर्धा डबा त्यांच्या मुलानं संपवला.

गुरुवारी सकाळी मी ताजातवाना उठलो. चूक कुठं झाली ते मला आता कळलं होतं. विमानाचा धंदा आमच्या धंद्याच्या उलटा आहे. इथं कापायचं नाही, वाढवायचं. एसटी अकराची असली की बाराला येते. मग विमान तर हजारो मैलांवरून येणार. मी कस्तुराबाईला म्हटलं, "अकरा म्हंजे साडेबारा. घाई न्हाई. मी जरा सरदारजीबरोबर सेवा करून येतो."

"पोरीनं अकरा सांगितलेत."

"अगं, काल मी कमी धरलं आन् फसलो. आता जास्त धरतोय."

"अहो, पोरीनं सांगितलेलं तेवढंच धरायला काय होतंय तुमाला?"

मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि सेवेला गेलो.

लंगरमध्ये माझ्या हातात डाळीची बादली आली. आता तुम्हीच विचार करा, लातूरचा माणूस, चाळीस वर्षं डाळीत काढलेली, आणि हातात डाळीची बादली. मी नुसता वाढणारा थोडाच. मी प्रत्येकाला विचारत होतो, "दाल कैसी लगी?" एका पंगतीत पंजाबचे एक म्हातारे भेटले, त्यांचाही धान्याचा व्यापार. आम्ही उभ्या उभ्या हरभऱ्याच्या ओलीवर बोलायला लागलो. पंगत ओरडायला लागली तेव्हा मी पुढं सरकलो. ती पंगत उठली, दुसरी बसली. तिसऱ्या पंगतीला सरदारजी म्हणाले, "चाचा, तुमारा विमान?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. फोन बोलेरोत चार्जिंगला. मी धावत यात्री निवासात आलो. बोलेरो नाही, रामलिंग नाही, कस्तुराबाई नाही. शेजारच्या खोलीतली बाई म्हणाली, "वो तो नौ बजे गए."

ऑटो केली. वाटेत ऑटोवाल्याला म्हटलं, सरळ घे, वळसा नको. तो म्हणाला, "काका, हितून एकच रस्ता हाय."

गेटवर तोच गार्ड, त्याच खुर्चीत. मला बघून उठून उभा राहिला. "काका, आज आलं बगा तुमचं अमेरिकेचं."

"कुठं हायत?"

"गेले की. तुमाला हुडकायला गुरुद्वाऱ्यात गेलेत. लेकरू लई गोड हाय, टोपी घेऊन गेली माझी." खरंच, त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

त्याच ऑटोनं परत. यात्री निवासाच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. आमची बोलेरो, आणि चाकूरची एक जीप. जीपच्या बॉनेटला टेकून अर्जुनराव उभे, आणि त्यांच्या खांद्यावर गार्डची टोपी घालून बसलेली शिवू.

"या पावणं," अर्जुनराव म्हणाले. "काल सकाळी नऊ वीसला तुमची गाडी चाकूर स्टँडवरून सुटली. नांदेडला पोचायला एवढा येळ?"

"तुमी बघितलं होतं?"

"चाकूर स्टँडवरून गाडी जाईल आन् मला दिसणार न्हाई, असं झालंय का कधी?"

"मग फोन का न्हाई केला?"

"खिडकीला टॉवेल होता. पडदा लावलेली गाडी आमी थांबवत न्हाई."

मागून कस्तुराबाई म्हणाली, "त्यांचंबी काय सांगता. ते ठोक अकराला आले. विमान वीस मिनिटं आधी उतरलं. तोवर शिवू माझ्या कडेवर झोपलीबी होती."

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. "वेळेच्या आधी येणं हा गुन्हा हाय. आमच्यात ड्रायव्हरला मेमो देत होते."

म्हणजे पहिला नंबर कस्तुराबाईचा. दुसरा अर्जुनरावांचा. सामान गाडीत चढवताना शिवू थोडा वेळ गार्डकडं होती, तो तिसरा. मी बारा हजार साडेतीनशे किलोमीटरचा हिशोब मांडला, आदल्या दिवशी येऊन बसलो, आणि माझा नंबर विमानतळाच्या गार्डनंतर लागला.

विशाखा पाया पडली, सोमेश पडला. विशाखा म्हणाली, "शिवू, ओळख बरं, हे कोण?"

शिवूनं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. मिशी बघितली, शर्ट बघितला, शर्टावरची डाळ बघितली. आणि नाही म्हणून मान हलवून अर्जुनरावांच्या गळ्याला बिलगली. ओळख नसलेला माणूस दिसला की लेकरू घरच्याला बिलगतं, तशी.

मी शर्टावरची डाळ नखानं खरवडायला लागलो. अर्जुनरावांनीच मग हळूच माझ्या कानात सांगितलं, "पावणं, जरा मान खाली घाला."

मी मान खाली घातली, पार वाकलो. आता तिला फक्त माझं कपाळ दिसत होतं. वर पंखा नव्हता, पण अर्जुनरावांनी हातातला पेपर माझ्या डोक्यावर गरागरा फिरवला.

"कपाळ आबा," शिवू म्हणाली, आणि दोन्ही हात पुढं केले.

ती कडेवर आली तेव्हा तिचं वजन किती असेल याचा अंदाज घ्यायची मला सवयीनं इच्छा झाली. पण मी घेतला नाही. (सोळा किलो असेल. कापायला काही नव्हतं.)

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. अर्जुनरावांनी मुक्कामाचं वेळापत्रक केलं, चाकूर आणि लातूर आलटून पालटून, आणि ते त्यांनी मिनिटावर पाळलं. लातूरला असली की शिवू माझ्याबरोबर दुकानात गादीवर. रामलिंग तिला काटा दाखवायचा. मी तिच्या ओंजळीत फुटाणे टाकायचो आणि त्यातला एक परत उचलून खायचो. ती डोळे मोठे करायची. मी म्हणायचो, "कडता." ती खो खो हसायची आणि पुन्हा ओंजळ पुढं करायची. साऱ्या यार्डानं तो खेळ बघितला.

परत जायच्या दिवशी आम्ही सगळेच नांदेडला गेलो, दोन गाड्या करून, विशाखानं सांगितलेल्या वेळेला, ना आधी ना नंतर. गार्डला त्याची टोपी परत केली. आत जायच्या आधी शिवू एकेकाच्या गळ्यात पडून पापे द्यायला लागली. धुरपताबाईंना दोन. कस्तुराबाईला दोन. अर्जुनरावांना दोन. माझ्यापाशी आली, मी आधीच मान खाली घालून उभा होतो. तिनं कपाळावर एक दिला आणि खाली उतरली.

मी म्हटलं, "आन् दुसरा?"

ती म्हणाली, "कडता," आणि आईचं बोट धरून आत निघून गेली.

तेव्हापासून चाकूरच्या स्टँडवर अर्जुनराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की लातूरच्या आबाला नातीनं एकही पापा दिला नाही. कस्तुराबाई सांगते, अर्धा दिला. माणसं त्यात आपलं घालतात, आपलं काढतात. तुमच्या कानावर ही गोष्ट आली, किंवा तुम्ही ती पुढं कुणाला सांगितलीत, तर एवढी विनंती आहे, हिशोब प्रामाणिक ठेवा. एक मिळाला. पूर्ण एक. त्यातून आता काही कापू नका.